थ्रस्ट नको, ब्रेकर घ्या!

इथे मिनेसोटात आमच्या एका मित्राने बारा फुटी होडीला इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर बसवली. ५५ पौंड थ्रस्टची! "३० वालीच्या दुप्पट पळेल," म्हणे. अरे बाबा, थ्रस्ट म्हणजे वेग नव्हे. दोन्ही मोटरी तासाला चार-पाच मैलांपुढे फारशा जात नाहीत. जादा थ्रस्ट कामी येतो तो वजन आणि वाऱ्याशी झगडायला.

बरं, बॅटरी कुठली? गाडीतली जुनी! फुल स्पीडला ही मोटर ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड डीप सायकल बॅटरी घेतली तरी ती निम्मीच वापरायची असते. म्हणजे जेमतेम तासभर, तोही मिळाला तर.

ब्रेकरचं विचारलं, तर "लागतो कशाला?" वायर शॉर्ट झाली की हीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर पेटते. ऑफिसात हाच गडी बॅकअपशिवाय कोड डिप्लॉय करत नाही! आणि होडीत बसणार कोण? त्याची दोन पोरं.

तेव्हा मंडळी, मोटर लहान घ्या. उरलेल्या पैशांत डीप सायकल बॅटरी, जाड वायर आणि पुस्तिकेत सांगितलेला ब्रेकर आणा, तोही बॅटरीजवळच लावा. लाइफ जॅकेटं आणि वल्ही तर हवीतच. परतीला समोरून वारा सुटला आणि बॅटरी संपली, की थ्रस्टचा आकडा काय कामाचा?