विम्याचे कार्ड आणि रोजची गोळी

"पाच लाखांचे कार्ड काढले आहे, आता चिंता नाही," असे अनेक रुग्ण समाधानाने सांगतात. ते समाधान खोटे नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये राज्यानेही तेवढीच मर्यादा ठरवली. ऑपरेशनसाठी जमीन गहाण पडू नये, हा हेतू उत्तमच आहे. प्रश्न आहे तो खर्चाचा अंदाज बांधताना आपण काय मोजतो, याचा.

अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले की खाते बंद होते. मधुमेह आणि रक्तदाब यांचे खाते एकदा उघडले की जन्मभर चालू राहते. सुरुवातीची अनेक वर्षे खर्च गोळ्यांचा व तपासण्यांचा असतो. हयगय झाली तर पुढे हृदय, मेंदू, मूत्रपिंड, डोळे आणि पाय यांची पाळी येते. विमा योजना पैसे देते ती मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचे. म्हणजे तिच्या वहीत हा रुग्ण उमटतो, तोच शेवटच्या टप्प्यावर.

साधा हिशोब करून पाहू. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून निदान दोनदा डायलिसिस धरले, तर वर्षाच्या १०४ वेळा होतात. एका वेळेचे दीड हजार रुपये धरा. वर्षाचे १ लाख ५६ हजार झाले, आणि हा खर्च दरवर्षीचा आहे. गाडीभाडे व बुडालेली मजुरी यात धरलेली नाही. उलट रक्तदाबाच्या साध्या गोळ्यांना रोज तीन रुपये धरले, तर वर्षाला सुमारे अकराशे रुपये लागतात. एका डायलिसिसच्या रुग्णाच्या खर्चात सुमारे १४० जणांच्या गोळ्या येतात.

अर्थात १४० जणांना गोळ्या दिल्या की एक डायलिसिस नक्की टळेल, असे गणित नाही. प्रत्येकाचे मूत्रपिंड बिघडत नाही आणि गोळ्या घेऊनही काहींचे बिघडते. पण त्याच गोळ्यांनी पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोकाही कमी होतो. तो लाभ धरल्याशिवाय कोणताही अंदाज अपुराच राहील.

व्याप्ती लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. यांतील अनेकांना कसलाच त्रास जाणवत नाही, म्हणून गोळी सुटते. पेरणीच्या दिवसांत हात आखडला की सुटते. सरकारी दवाखान्यात साठा संपला आणि "पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळाले, की सुटते. बुडालेल्या रोजापुढे मोफत गोळीही महाग पडते.

म्हणून माझे मत असे, की विम्याचा खर्च आणि गोळ्यांचा खर्च एकाच वहीत मांडावा. प्रत्येक तालुक्यात किती जण नियमित औषध घेतात आणि किती जणांचा रक्तदाब व साखर आटोक्यात आहे, हे आकडे जाहीर व्हावेत. स्थिर रुग्णाला एका वेळी निदान महिन्याच्या गोळ्या मिळाव्यात. त्याशिवाय केवळ लाखांची मर्यादा वाढवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे होय.

वाचकांनीही आपला वाटा उचलावा. तिशी उलटली की वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये. कार्ड जरूर काढावे, पण ते कपाटातच राहावे यासाठी रोजची गोळी चुकवू नये.