माप कोणाचं घेतलं?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीनं वीसेक माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. मजूर त्यात बरेच. कपाशी डोक्याएवढी, विष थेट तोंडावर. साहेबलोक म्हणाले, मास्क घातला नाही! दिला होता कोणी?

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेचं 'किसान कवच' आलं. कापडच विष निकामी करतं, धुऊन पुन्हा वापरता येतं. शोध चांगलाच. तेव्हा किंमत ४,००० रुपये. केळापूरच्या मजुरानं किती दिवस उपाशी राहायचं?

इंजिनिअरिंगच्या पोरांनो, प्रोजेक्टला असाच सूट करताय? मग पांढरकवड्याला या. तो अंगात घाला, पाठीवर पंप घ्या, भर उन्हात चार तास नुसतं पाणी फवारा. आणि मजुराच्या बायकोला विचारा, हा धुवायचा कुठं. पाणी तीच आणते.