दुर्बिणीला शिव्या देण्याआधी नॉइजचा आकडा मागा

मंडळी, पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की नारायणगावपासून संगमनेरपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "खोडदच्या दुर्बिणीनं घात केला." सरळ मार्ग बदलताना रेल्वेनं जीएमआरटीचं कारण दिलं, त्यामुळे राग तिकडे वळला. रेल्वे सरळच हवी, माझंही हेच मत. शिर्डीचा वळसा घालून गेलेल्या गाडीचा जुन्नरच्या शेतकऱ्याला काय उपयोग? पण भांडण नेमकं कशाचं आहे ते तरी बघा.

भांडण नॉइजचं आहे. गाडीचा खडखडाट नव्हे, विजेतला गोंगाट. साधा रेझिस्टर घ्या. बॅटरी जोडलेली नसली तरी उष्णतेमुळे आतले इलेक्ट्रॉन धडपडत असतात आणि दोन टोकांवर सूक्ष्म व्होल्टेज थरथरत राहतं. जॉन्सननं त्याचं मोजमाप आणि नायक्विस्टनं गणित १९२८ साली प्रसिद्ध केलं. नेहमीच्या तापमानाला एक मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा गोंगाट किती? एका वॅटचे अडीचशे लाख कोटी भाग करा, त्यातला एक. आकाशातून येणारा सिग्नल बहुतेक वेळा रिसीव्हरच्या गोंगाटापेक्षाही क्षीण असतो!

मग तो सापडतो कसा? रिसीव्हरमध्ये माहीत असलेल्या ताकदीचा नॉइज मुद्दाम सोडतात, आऊटपुट किती वाढलं ते बघतात आणि त्यावरून सर्किटचा स्वतःचा नॉइज काढतात. बाजारात काटा तपासायला प्रमाणित वजन ठेवतात ना, तसंच. हा नॉइज कसाही वर-खाली होणारा, म्हणून सरासरीत मावळतो. शंभरपट वेळ मोजलं की चढउतार दहापट कमी. इंजिनाचा पेंटोग्राफ आणि वरची तार यांच्यातल्या ठिणगीचं तसं नाही. ती गाडीबरोबर येते, गाडीबरोबर जाते आणि सरासरीला दाद देईलच असं नाही. म्हणजे शास्त्रज्ञांची भीती पोकळ नाही.

पण जे मोजता येतं ते लोकांना आकड्यांत सांगा की! विजेवरची गाडी धावताना एक, पाच, दहा किलोमीटरवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती नॉइज मिळतो? बोगदा केला तर किती घटतो, मार्ग थोडा सरकवला तर किती, आणि प्रत्येकाचा खर्च किती? अहवाल झाले असतील तर ते मराठीत तहसील कचेरीत ठेवा. नसतील तर मोजा. रेल्वे आणि जीएमआरटी, दोघांची माणसं एकाच यंत्रासमोर उभी करून मोजा.

आमदार-खासदारांनी पुढच्या बैठकीत निवेदनाचा फोटो काढण्याऐवजी हा तक्ता मागावा.