पुलंनी कंस टाकला, तुम्ही टाकता का?



पु. ल. देशपांडे यांचं ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ हे पुस्तक १९९४ साली आलं. जाडजूड वाङ्मयेतिहासाचा आव आणायचा आणि त्याच विद्वान सुरात थट्टा करायची, असा हा मामला. तरी वाचणारा फसत नाही. कारण कंसातल्या त्या एका शब्दानं पुलंनी आधीच बजावलंय, की बाबा रे, हे परीक्षेत लिहू नकोस.

धंद्याच्या चॅनलवर पुलं कशाला, असं विचाराल. तर आपल्या धंद्यातही असाच एक गाळीव कोश फिरतोय. फक्त त्याच्यावर कंस नाही, आणि लोक त्यावर पैसे लावतात.

पहिली नोंद बघा. ‘बोलण्यात शब्दांचं महत्त्व ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि देहबोलीचं ५५.’ सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं असेलच. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. तिथं सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली होती. गिऱ्हाइकाशी होणाऱ्या सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. ९३ टक्के मतलब शब्दांशिवाय कळला असता, तर चेन्नईच्या पार्टीची तमिळमधली ऑर्डर तुम्ही नुसती बघूनच लिहून घेतली असती!

दुसरी नोंद, ‘२१ दिवसांत सवय लागते.’ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं, की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढं ‘किमान’ गळलं आणि चेहराही गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. आता विचार करा. कुणी रोजचा हिशोब लिहायला सुरुवात करतो, बाविसाव्या दिवशी कंटाळा येतो, आणि ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणून वही बंद करतो. त्या एका खोट्या आकड्यानं त्याची चांगली चाललेली सवय मोडली.

तिसरी नोंद घरचीच. ‘झिरो माईल म्हणजे भारताचा मध्यबिंदू.’ आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. तिथली १९०७ ची खूण सर्वेक्षण खात्याची, समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवणारी आहे. आणि मध्यबिंदू तेव्हा इथं होता असं धरलं, तरी १९४७ ला देशाचा नकाशाच बदलला की! नागपूर मध्यावर पडतं, मालाला चारी दिशा मोकळ्या आहेत, एवढं खरं बोललं तरी धंद्याला पुरे.

खरी माहिती गोळा करायला मेहनत आणि पैसा लागतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यासाठी लिमिटेड कंपनी उभी केली, तीही नागपूरला. खोट्या माहितीला भांडवल लागत नाही, नुसतं फॉरवर्ड करायचं. म्हणून ती स्वस्त वाटते.

तुम्ही म्हणाल, ‘सर, सगळेच लिहितात, गिऱ्हाईक थोडंच तपासतं?’ प्रताप नगरात तपासतं, राजेहो! इथं तेच गिऱ्हाईक महिन्यातून चारदा येतं आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये जाऊन बोलतं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

म्हणून माझं मत सरळ आहे. थट्टा करायची तर उघड करा. ‘आमची तर्री इतकी झणझणीत, की झिरो माईलच्या दगडालाही घाम फुटेल’ असं बोर्डावर बिनधास्त लिहा. कुणी फसणार नाही, हसत हसत आत येतील. पण आकडा लिहायचा तर तो आपल्या वहीतला लिहा. समजा, तुमची मेस आहे. ‘नागपुरात नंबर १’ हे तुम्ही सिद्ध कसं करणार? त्यापेक्षा ‘भाजी रोज सकाळी कॉटन मार्केटमधून, डबा साडेबाराच्या आत’ असं लिहा. गिऱ्हाईक घड्याळ बघून पडताळेल, आणि डबा वेळेवर आला की तेच तुमची जाहिरात करेल.

आज दुकान बंद करताना आपला बोर्ड, पॅम्प्लेट आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस एकदा वाचा. प्रत्येक वाक्याला विचारा, ‘हे कुठून आलं?’ उत्तर ‘ग्रुपवर आलं होतं’ असं असेल, तर ते वाक्य उद्या सकाळी खाली उतरवा. माझ्या व्हिडिओतल्या आकड्यांनाही हाच प्रश्न विचारा. मी राग मानणार नाही.