ताग गाडा, पण सगळा नको

खरिपाच्या तोंडावर यंदाही हिरवळीच्या खताची चर्चा जोरात आहे. राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये 2,481 कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात 15 हजार समूहांतून एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायचे आहे. दुसरीकडे मधुमक्षिकापालन व मध अभियानाचा 500 कोटींचा कार्यक्रम 2025-26 पर्यंत वाढवला गेला. आपल्याकडे महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ झाले. एक योजना जमिनीची, दुसरी माशीची. शेतात मात्र या दोन्हींची गाठ एकाच पिकात पडते, ते म्हणजे ताग. काही भागांत त्याला बोरू म्हणतात.

ताग मूळचा भारतीय उपखंडातला. पुरुष-दीड पुरुष उंच वाढतो आणि शेंड्याला पिवळ्याधमक फुलांचे तुरे येतात. पण आपल्यापैकी किती जणांनी ताग पूर्ण फुललेला पाहिला आहे? एकरी 20 ते 25 किलो बी पेरायचे, 45 ते 50 दिवसांनी कळी दिसू लागली की गाडायचा, ही शिफारस आम्हीच वर्षानुवर्षे देत आलो. ती चुकीची नाही. त्या वेळी खोड कोवळे असते, लवकर कुजते आणि हेक्टरी साधारण 60 ते 90 किलो नत्र मिळते. उशीर केला की खोडात धागा तयार होतो आणि मग ते कुजता कुजत नाही.

अडचण अशी, की सगळ्यांनीच कळीवर गाडला तर बी येणार कुठून? दर जूनमध्ये बियाण्यासाठी कृषी सेवा केंद्रांत विचारणा होते, अनुदानाच्या यादीत नंबर लागतो आणि पिशवी हातात पडेपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते. नत्र विकत घ्यायचे नाही म्हणून ताग घेतो आणि तागाचे बी मात्र दरवर्षी विकत घेतो.

बी घरी धरणे सोपे वाटते, पण इथेच माशीचा प्रश्न येतो. तागाच्या फुलावर स्वतःचे पराग पडले तरी शेंग सहसा धरत नाही. खालच्या दोन पाकळ्यांची होडी घट्ट मिटलेली असते. वजनदार कीटक बसला की ती दबते, टोकातून पराग पिचकारीसारखे वर येतात आणि कुक्षीला घासणी बसते. हे काम प्रामुख्याने दोघे करतात, काळा मोठा भुंगा आणि पाने गोल कातरून नेणारी पानकापी माशी. विद्यार्थिदशेत आम्ही तागाची काही झाडे मच्छरदाणीच्या कापडाखाली झाकून ठेवली होती. फुले बाहेरच्या झाडांइतकीच आली, शेंगा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या.

म्हणजे तागासाठी पेटी आणून ठेवण्याने फारसे साधत नाही. मधमाशी त्या मानाने हलकी. पेट्या वाढाव्यात, कांदा बीजोत्पादनाला त्यांची गरज आहेच. पण पेट्या मोजणाऱ्या योजनेत भुंगा कुठेच मोजला जात नाही. तो पेटीत राहत नाही. वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून घर करतो. पानकापी माशीला पोकळ काड्या, भिंतीतली छिद्रे चालतात. बांध पेटवून ‘स्वच्छ’ केला की दोघांचीही घरे जातात.

भुंग्याचा उपयोग तागापुरता नाही. वांगी आणि टोमॅटोच्या फुलात पराग नळीसारख्या कोशात असतात आणि टोकाच्या छिद्रातून, फूल थरथरवले तरच, नीट बाहेर पडतात. मधमाशीला हे जमत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची रानमाशी पंखांचे स्नायू कंप पाववून ते करतात. वांग्याच्या कडेला फुललेला ताग म्हणजे या कीटकांना बोलावून ठेवण्याची सोय. वांग्याच्या फुलात मध नसतो, तागाच्या फुलात असतो.

आमचे मत असे, की एकरात ताग करणाऱ्याने तीन-चार गुंठ्यांचा पट्टा बांधाच्या बाजूला राखावा. शेंगा नीट भरल्या तर पुढच्या वर्षीच्या एकराचे बी त्यातून निघू शकते. मात्र जूनमध्ये पेरलेलाच ताग ठेवू नका. तो फार उंच होऊन लोळतो आणि फुलोरा पावसात सापडतो. पट्टा जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये वेगळा, दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवून पेरा. दिवस लहान होऊ लागतात तसा तो कमी उंचीवरच फुलतो. खोड जून झाल्यावर हा पट्टा गाडायचा नाही. काड्या आच्छादनाला किंवा दोराला वापरा.

खरा धोका शेजारच्या फवारणीचा. कापूस-सोयाबीनवर औषध मारण्याचे दिवस आणि तागाचा फुलोरा जवळजवळ एकच. फवारणी टळत नसेल तर ती सायंकाळी, माश्या परतल्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करा. शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा. तागावर ठिपकेदार पतंगाच्या केसाळ अळ्या येतात. एवढ्याशा पट्ट्यात त्या वेचून काढता येतात, त्यासाठी पंप उचलू नये.

शेंगा तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळू लागल्या की काढणी करा. बी जनावरांच्या खुराकात मिसळू देऊ नका, त्यात विषारी घटक असतात. राखायचे बी वाळवून, वेगळी खूण करून ठेवा.