गोळी मिळाली, दिवसाचे काय?

आमच्या ओपीडीत गेली काही वर्षे एक आई आपल्या मुलाला घेऊन येते. मुलगा म्हणजे चाळिशीला टेकलेला माणूस. विशीत असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कानात आवाज यायचे, शेजारी आपल्यावर करणी करतात असे वाटायचे, रात्ररात्र घराबाहेर असायचा. आधी देवऋषी झाले, मग अमरावती झाली, मग नागपूर झाले. शेवटी औषध लागू पडले आणि आवाज थांबले. माझ्याकडे तो येतो रक्तदाब आणि साखर तपासायला, कारण बसून बसून आणि काही अंशी औषधांमुळेही वजन वाढले आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

मागच्या खेपेला मी विचारले, कसे चालले आहे? तो काही बोलला नाही. आई बोलली : "गोया तं बराबर खाते साहेब. पन दिवसभर खाटीवर बसून राह्यते. माह्या मांगं ह्याचं कोन पाहीन?"

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. तीसेक वर्षे ताप, सर्पदंश, क्षय, मधुमेह पाहणारा सरकारी डॉक्टर आहे. तरी त्या बाईच्या बोलण्यातले पहिले वाक्य मला जास्त लागले. गोळ्या आम्ही देतो, त्या तो घेतो आणि कागदावर आमचे काम संपते. पण सकाळी आठ ते रात्री आठ या बारा तासांसाठी आमच्याकडे काहीच नाही. मानसिक आजाराच्या माणसासाठी आपल्या व्यवस्थेत दोनच पत्ते आहेत : एक ओपीडीची खिडकी, दुसरा मनोरुग्णालयाचे फाटक. धामणगावसारख्या तालुक्याच्या गावात या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे, आणि बहुतेक रुग्णांचे आयुष्य याच मधल्या जागेत जाते.

ही जागा भरणारी सोय जगात कित्येक दशकांपासून आहे. तिला दिवसाचे उपचार केंद्र किंवा डे केअर म्हणतात. रुग्ण सकाळी येतो, चार-पाच तास थांबतो, संध्याकाळी आपल्या घरी झोपतो. त्या वेळात तिथे काय चालते? हजेरी होते, चहा होतो, थोडा व्यायाम होतो. मग आठ-दहा जण गोल करून बसतात आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीत बोलतात. झोप का लागत नाही, गोळीने हात थरथरतो त्याचे काय करायचे, भाऊ टाकून बोलला तेव्हा मी काय केले, असे विषय असतात. यालाच गटोपचार म्हणतात. त्यानंतर एखादे काम : स्वयंपाक, शिवण, रोपवाटिका, हिशेब लिहिणे. बाहेरून पाहणाऱ्याला यात उपचार कुठे आहे असे वाटेल. म्हणून तो कुठे आहे ते सांगतो.

स्किझोफ्रेनियात औषधे भास आणि संशय बऱ्यापैकी आवरतात. पण या आजाराचे दुसरे अंग असते : उत्साह आटणे, बोलणे कमी होणे, अंघोळ-दाढीचीही इच्छा न उरणे. त्यावर औषधांचा परिणाम फार कमी होतो. घरच्यांना वाटते की पोरगा आळशी झाला. तो आळस नसतो, आजारच असतो, आणि त्याला लागते रोजची लय. उठायला कारण हवे, जायला ठिकाण हवे आणि 'काल का नाही आलास?' असे विचारणारे कोणी हवे.

दुसरी गोष्ट घराची. ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलले जाते, त्या घरात आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९६० आणि ७०च्या दशकांत दाखवले. अशा घरात रुग्ण आणि घरचे आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर असतील, तर धोका आणखी वाढत होता. हे वाचून मला आमच्या तालुक्यातली दोन खोल्यांची घरे आठवली. तिथे ३५ तास तीन दिवसांतच भरतात. थकलेल्या आईने टोमणा मारला तर तिला दोष कसा द्यायचा? दिवसाचे केंद्र रुग्णाला जितके उपयोगी, तितकेच आईलाही. तिला वावरात जाता येते, बाजार करता येतो, दुपारी निवांत पडता येते.

तिसरी गोष्ट गटाची, आणि ती माझ्यासारख्या साध्या डॉक्टरला जवळची आहे. आधुनिक गटोपचाराची सुरुवात मानसोपचारतज्ज्ञाने केली नाही. १९०५मध्ये बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट या फिजिशियनने क्षयाच्या गरीब रुग्णांचे आठवडी वर्ग सुरू केले. सॅनिटोरियमचा खर्च त्यांना झेपत नव्हता. विश्रांती, मोकळी हवा, वजन, ताप यांच्या नोंदी वहीत ठेवायच्या आणि आठवड्याला एकत्र बसायचे, एवढाच बेत होता. प्रॅट यांच्या ध्यानात आले की शिकवण्याइतकाच उपयोग एकत्र बसण्याचा होतो आहे. एकाचे वजन वाढले की दुसऱ्याला उमेद येते. 'मी एकटाच असा नाही' हे रुग्णाला डॉक्टरने सांगून पटत नाही, दुसऱ्या रुग्णाला पाहून पटते.

आता पुराव्याचे बोलू, कारण भावनेवर योजना चालत नाहीत. तीव्र मानसिक आजारात दाखल करण्याऐवजी डॉक्टर-नर्स असलेल्या डे हॉस्पिटलमध्ये ठेवले तर काय होते, याच्या अनेक चाचण्या झाल्या आहेत. एरवी दाखल होणाऱ्या पाचांपैकी किमान एका रुग्णाला ही सोय पुरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नैराश्याच्या गटोपचाराचा भक्कम पुरावा युगांडातून आला. तिथल्या ३० खेड्यांत, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी पुरुषांचे आणि बायकांचे वेगळे गट चालवले. बैठक आठवड्यातून एकदा, दीड तासाची, एकूण १६ आठवडे. शेवटी गटात असलेल्यांपैकी ६.५ टक्क्यांना नैराश्याचे निदान लागू होत होते, नसलेल्यांपैकी ५४.७ टक्क्यांना. हा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉक्टर नसलेल्या, नुसत्या बसण्या-उठण्याच्या केंद्रांबद्दल असा पक्का पुरावा मिळालेला नाही. आपल्याकडे तामिळनाडू, गोवा आणि साताऱ्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत जो प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. फायदा दिसला, पण माफक दिसला. म्हणजे खोली उघडली की माणसे बरी झाली असे होत नाही. खोलीत काय चालते आणि कोण चालवते, यावर सगळे ठरते.

महाराष्ट्रात हे नवे नाही. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारातून आलेल्या अनुभवावर पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णांसाठी दिवसाचे पुनर्वसन आणि नातेवाइकांसाठी स्वमदत गट ही तिची कामे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमध्ये 'त्रिदल' हा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठीचा उपक्रम चालतो. व्यसनमुक्तीत तर गट हाच उपचाराचा कणा आहे. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६पासून ते दाखवून दिले आहे. पण ही सगळी नावे पुण्या-ठाण्याची आहेत. धामणगावच्या माणसाला त्यांचा उपयोग काय?

म्हणून आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प गेल्या दशकात राबवला गेला. गावातले कार्यकर्ते, छोट्या बैठका, समुपदेशन आणि गरजेला मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. १८ महिन्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा हे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. हे आकडे २०१७मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आले. वऱ्हाडी माणूस मनातले बोलत नाही, असे जे म्हटले जाते ते म्हणूनच मला पटत नाही. बोलायला जागा मिळाली की तो बोलतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि समाजात राहून पुनर्वसन होण्याच्या सोयी देणे सरकारवर बंधनकारक केले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून, दिवसाच्या केंद्राचा समावेश आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले की दर १०० प्रौढांत दहा-अकरा जणांना मानसिक आजार आहे आणि आजारानुसार त्यातले ७० ते ९२ टक्के उपचाराबाहेर आहेत. कागद सगळे तयार आहेत. तालुक्यात खोली मात्र नाही.

मी हा विषय काढला की तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला : लहान गाव आहे, कोण येणार? 'मनोरुग्ण केंद्र' अशी पाटी लावली तर कोणीच येणार नाही. पण हेच ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, बीपी-शुगर तपासतात त्याच्या शेजारच्या खोलीत, बाजाराच्या दिवशी ठेवले तर? बाजाराच्या दिवशी गावात का आलास, हे कोणी विचारत नाही. बायकांचा गट वेगळाच हवा. नवऱ्याच्या माराबद्दल कोणतीही बाई त्याच गावच्या पुरुषांसमोर बोलणार नाही. आणि गटातले बोलणे गटाबाहेर जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला गेला पाहिजे. एकदा जरी बोलणे पानठेल्यापर्यंत पोहोचले, तरी केंद्र संपले.

दुसरा : चालवणार कोण? तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, हे मान्य. पण जिल्हा पथकातला मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता, इथली एक प्रशिक्षित नर्स आणि ज्यांना आवड आहे अशा दोन आशाताई एवढ्यांत सुरुवात होते. जिल्ह्याच्या तज्ज्ञाने महिन्यातून एकदा यावे, औषधे पाहावीत आणि गट चालवणाऱ्यांच्या अडचणी ऐकाव्यात. कोणाला गटात घ्यायचे नाही, हेही शिकवावे लागेल. आजार भडकलेला, दारू पिऊन आलेला, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणारा रुग्ण गोलात बसवायचा नसतो. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचे असते.

तिसरा आक्षेप सहकारीच घेतात : फीत कापली जाईल आणि सहा महिन्यांत खोलीत जुन्या खाटा जमा होतील. याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण मी अशा खोल्या पाहिल्या आहेत. एवढेच सुचवतो की मोठे काही करू नका. आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते तीन, दहा माणसे. कापूस वेचणीत आणि सोयाबीन काढणीत हजेरी घटेल, ते धरून चला. वर्षअखेरीस उद्घाटनाचे फोटो मोजू नका. किती जण टिकले, किती जणांना पुन्हा दाखल करावे लागले आणि किती जण कामाला लागले, हे मोजा. केंद्र ही जन्मभर बसण्याची जागा होऊ नये. इथून माणूस जिनिंगमध्ये, किराणा दुकानात किंवा स्वतःच्या वावरात परतला पाहिजे.

शेगडीभोवती, पारावर, भजनाला बसणे आपल्याला नवे नाही. धामणगावहून फार लांब नसलेल्या मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेची सवय गावोगावच्या माणसांना लावली. भजन म्हणजे उपचार नव्हे, आणि तो गोळीला पर्यायही नव्हे. पण ठरल्या वेळी एकत्र बसण्यात ताकद असते, हे या मातीला समजावून सांगावे लागत नाही. त्या बसण्यातून ज्यांना आपण उठवून लावले, त्यांच्यासाठी एक सतरंजी अंथरायची आहे.

तोवर घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये. आणि मन फारच खचले, मरणाचे विचार येऊ लागले, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करावा.

ती आई पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. रक्तदाब मी तपासेन, साखर तपासेन, गोळ्यांची चिठ्ठी लिहीन. 'दिवसभर काय करायचे?' या प्रश्नाचे उत्तर मात्र मला एकट्याला चिठ्ठीवर लिहिता येणार नाही. ते आरोग्य खात्याला, नगर परिषदेला आणि आपल्याला मिळून लिहावे लागेल.

(लेखक शासकीय रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत.)