आचार्य मॅक्स वेबर आणि ज्ञानकोशकार केतकर

भातसेच्या कांठीं, आमच्या खडवलीच्या ओसरीवर बसलें असतां कसाऱ्याच्या गाड्यांची ये-जा स्पष्ट ऐकूं येते. गेल्या महिन्यांत त्याच ओसरीवर आमचा पुतण्या एक जाडजूड ग्रंथ ठेवून गेला व जातांना म्हणाला, "काका, तुम्हीं स्मृति जन्मभर वाचल्यात. संस्कृत न जाणणाऱ्या एका जर्मन पंडितानें त्यांतून काय काढलें, तें एकदां पाहा तरी."

ग्रंथकर्ते मॅक्स वेबर. समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या मोजक्या पुरुषांत ह्यांची गणना होते. कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून हें नांव आमच्या वाचकांच्या कानांवर गेलें असेल. परंतु घरांतील वडील मंडळींनीं त्यांचें चरित्र वाचलें असण्याचा संभव थोडा. ह्यास्तव ह्या महिन्यांत तेंच निवेदन करण्याचें योजिलें आहे.

वेबर ह्यांचा जन्म २१ एप्रिल १८६४ रोजीं जर्मनींतील एर्फुर्ट येथें झाला. वडील कायदेपंडित व राजकारणांत मुरलेले. मातुश्री हेलेन ह्या अत्यंत धर्मनिष्ठ. १८९४ सालीं, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षीं, वेबर ह्यांस फ्रायबुर्ग येथें अर्थशास्त्राचें अध्यापकपद मिळालें आणि दोनच वर्षांनीं ते हायडेलबर्गास गेले. १८९७ मध्यें मातुश्रींच्या मनांत लेकाकडे कांहीं दिवस एकटें जाऊन राहावें असें आलें. वडिलांस तें रुचलें नाहीं. तेही बरोबर आले. मुलानें मातेचा कैवार घेऊन वडिलांस नाहीं नाहीं तें सुनावलें व घराबाहेर जावयास सांगितलें. थोड्याच आठवड्यांत वडील प्रवासांत वारले. समेट झालाच नाहीं. त्यानंतर वेबर ह्यांची झोंप गेली, वर्गापुढें उभें राहण्याचें बळ गेलें. अखेर १९०३ सालीं त्यांनीं अध्यापकपद सोडलें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां मंडळींस ह्यावर निराळें भाष्य नको. मुलगा चुकला असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु अबोला धरतांना आपल्या हातीं किती दिवस आहेत हें कोणासच ठाऊक नसतें, एवढें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें.

ह्या दुखण्यांतून सावरत असतांना, १९०४-०५ सालीं, त्यांनीं जो निबंध लिहिला त्यानें त्यांचें नांव जगभर झालें. द्रव्यलोभ सर्व देशांत व सर्व काळीं आहेच; मग नफा उपभोगावर न उधळतां पुनः धंद्यांतच घालणारी, हिशेबाची, शिस्तीची भांडवलशाही पश्चिम युरोपांतच कां वाढली? वेबर ह्यांचें उत्तर असें कीं, त्यांतील एक कारण धर्मांत आहे. कॅल्व्हिनच्या पंथांत कोणाचा उद्धार व्हावयाचा हें ईश्वरानें आधींच ठरविलेलें असतें. आपण त्यांत आहों कीं नाहीं ह्या चिंतेनें व्याकूळ झालेला मनुष्य आपल्या व्यवसायांतील यशाकडे ईश्वरी कृपेची खूण म्हणून पाहूं लागला. तो अखंड श्रमला आणि चैन त्याला वर्ज्य. तेव्हां पैसा सांठणें ओघानेंच आलें. पुढें धर्मभाव ओसरला, परंतु त्यानें उभें केलेलें यंत्र फिरतच राहिलें, आणि आतां मनुष्य त्यांत अडकून पडला आहे, असा त्यांचा खेदयुक्त निष्कर्ष आहे.

१९१६-१७ मध्यें त्यांनीं हीच कसोटी हिंदु व बौद्ध धर्मांस लावली. जगांत सुखदुःखांची वांटणी इतकी विषम कां, ह्या प्रश्नास कर्मसिद्धांताइतकें सुसंगत उत्तर दुसरें नाहीं, असें ते मानतात. परंतु लगेच म्हणतात कीं, ज्यास पुढील जन्मीं वर चढावयाचें आहे त्यानें ह्या जन्मीं जातिधर्म बिनतक्रार पाळावा, हाच त्या सिद्धांताचा व्यवहारांतील अर्थ झाला. मग चालू व्यवस्था मोडण्याची प्रेरणा यावी कोठून?

ह्या विवेचनाच्या आधारग्रंथांत एक मराठी आडनांव आढळतें, तें श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचें. १८८४ सालीं रायपूर येथें जन्मलेला हा तरुण अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत गेला आणि तेथें त्यानें हिंदुस्थानांतील जातिसंस्थेचा इतिहास लिहिला. पहिला भाग १९०९ सालीं, दुसरा १९११ सालीं निघाला. तेच पुढें तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक डॉ. केतकर. त्यांनीं मनुस्मृति पूजेस घेतली नाहीं, तशी जाळावयासही घेतली नाहीं. ती कोणत्या काळीं, कोणत्या समाजांत लिहिली गेली हें तपासावयास घेतली. ब्राह्मणाच्या मुलानें आपलीच जात टेबलावर ठेवून न्याहाळावी, ह्यास धैर्य लागतें.

वेबर ह्यांचें सर्वच म्हणणें आम्हांस पटलें असें नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांत आमच्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कोरलेलीं आहेत; म्हणजे ह्या प्रांतीं धन मिळविणारे व देणारे पूर्वींपासून होते. कारागिराचा हात नित्य शुद्ध असें स्मृतिकारही सांगतात. ह्यावर वेबर ह्यांचें उत्तर तयार आहे: हें स्मृतिवचन त्यांस ठाऊक होतें, व नियमांची आडकाठी हा त्यांचा मुद्दाच नव्हे, मुद्दा वृत्तीचा आहे. तथापि ग्रंथांतील धर्मावरून बाजारांतील माणसाची वृत्ति ठरवितां येते काय, आणि परकीय सत्तेचा भार त्या हिशेबांत पुरेसा धरला आहे काय, ह्या शंका आमच्या मनांत उरतात. असो.

परंतु आम्हांस खरोखर अस्वस्थ केलें तें निराळ्याच प्रकरणानें. १९१७ सालीं म्यूनिक येथें विद्यार्थ्यांपुढें व्याख्यान देतांना वेबर म्हणाले कीं, शिक्षकानें व्यासपीठावरून आपलीं मतें विकूं नयेत, कारण समोरच्यास तेथें उलट बोलतां येत नाहीं. प्रत्येकाच्या मताला कांहीं गैरसोयीचीं सत्यें असतात. तीं पाहावयास विद्यार्थ्यास शिकविणें हें शिक्षकाचें पहिलें काम होय.

हें वाचून पुस्तक मिटलें. आम्हीं शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत शिकविलें. वर्णधर्माचा श्लोक आला कीं अन्वय व अर्थ सांगून आम्ही थांबत नसूं. पूर्वीं समाजांत प्रत्येकास आपलें स्थान होतें व कोणी दुःखी नव्हता, अशी पुस्ती जोडीत असूं. एके वर्षीं मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग माझ्या आज्याला पाणी वरून कां ओतीत?" वर्ग स्तब्ध झाला. आम्हीं त्यास खालीं बसविलें व सांगितलें कीं, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. तो बसला. पुन्हां त्यानें आमच्या तासास कधींच कांहीं विचारलें नाहीं.

१४ जून १९२० रोजीं वेबर फुप्फुसदाहानें वारले. वय अवघें छपन्न. त्यांचा अपुरा राहिलेला मोठा ग्रंथ पत्नी मारियान ह्यांनीं प्रसिद्ध केला. केतकर १९३७ सालीं पुण्यास निवर्तले. दोघांनींही आपल्याच घराचा, आपल्याच धर्माचा हिशेब मांडला, व तो मांडतांना स्वतःस सूट दिली नाहीं. आमच्या वाचकांनीं त्यांचे सिद्धांत मानावेत अथवा न मानावेत; ही रीत मात्र घेण्याजोगी आहे.

तो मुलगा आतां कल्याणास नोकरीस असतो. सकाळच्या गाडीस स्टेशनावर कधीं भेटला तर अद्याप वांकून नमस्कार करतो व आम्ही आशीर्वाद देतों. आतां भेटला म्हणजे आशीर्वादापूर्वीं त्यास एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाळ, तुझा प्रश्न अभ्यासक्रमांतलाच होता.